ओव्हाळ साहेबांचे बूट

कोथरूडच्या स्नेहांकित सोसायटीत सीताराम ओव्हाळ साहेब सकाळी फिरायला निघाले की गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठून ताठ उभा राहायचा. साहेबांनी त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं. पण इतका सरळ माणूस समोरून आला की आपण पोक काढून बसलोय याची बघणाऱ्याला आपोआप लाज वाटायची. साहेबांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. अधीक्षक म्हणून निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात एक कारकून म्हणाला होता, की साहेबांत आणि मोजणीच्या काठीत फरक एवढाच, काठी संध्याकाळी आडवी ठेवतात. सगळे हसले. साहेबही हसले, अर्थात मान न हलवता.

या ताठपणाला कारण होतं आणि ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. साहेबांचे वडील धोंडिबा इंदापूरकडच्या एका खेड्यातले. पाटलाच्या दारावरून जाताना त्यांना चपला हातात घेऊन, कमरेत वाकून जावं लागायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन ते घरी आले, गावकीची कामं टाकली आणि लहानग्या सीतारामला समोर उभं करून म्हणाले, “हे बग, आजपासनं वाकायचं न्हाई. आमी लई वाकलो. तुज्या वाट्याचंबी माजं वाकून झालंय.”

पोराने ते ऐकलं आणि जन्मभर पाळलं. ताठ पाठ, आणि पायात बूट, तेही लेसवाले, पॉलिश केलेले, ही साहेबांची दोन व्रतं. चपला घालून ते कोपऱ्यावर दूध आणायलाही गेले नाहीत. विहारात सगळे गुडघे टेकून वंदन करायचे, साहेब मागच्या भिंतीशी उभ्यानेच हात जोडायचे. कुणी कुजबुजलंच तर म्हणायचे, “बुद्धांनी अजून तक्रार केलेली नाही.”

साठी उलटली आणि ही दोन व्रतं एकमेकांच्या मुळावर उठली. साहेबांची कंबर धरली. बूट घालायचे तर वाकायला हवं, आणि वाकायचं तर नाही, शिवाय आता मनात आणलं तरी वाकता येत नाही. जरा पुढे झुकलं की अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, ‘वयोमानानुसार’ म्हणाले, गोळ्या दिल्या आणि कमरेला पट्टा दिला. पट्ट्याने साहेब आणखीच ताठ झाले.

मग बूट घालायचं कोण? साहेबांच्या पत्नी, जयाबाई. रोज सकाळी साहेब दिवाणावर बसायचे, नजर समोरच्या कॅलेंडरवर ठेवायचे, आणि जयाबाई फरशीवर बसून त्यांच्या पायांत मोजे चढवायच्या, बूट घालायच्या, लेस बांधायच्या. या विषयावर घरात चर्चा होत नसे. साहेबांच्या लेखी बूट आपोआप पायात येत.

त्या वर्षी विहारातल्या महिला मंडळाने बोधगया आणि सारनाथची सहल काढली. जयाबाईंनी आयुष्यात एकटीने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे कोथरूड ते मंडई. बोधगयेचा पिंपळ एकदा डोळ्यांनी बघायचा, असं त्या लग्न झाल्यापासून म्हणत होत्या. आधी साहेबांच्या बदल्या आडव्या आल्या, मग मुलीचं शिक्षण आलं. आता काही आडवं येण्यासारखं उरलं नव्हतं. तरी मंडळाच्या अध्यक्षा वेणूबाई नाव विचारायला आल्या, तेव्हा जयाबाई म्हणाल्या, “यंदा नाही जमायचं हो. गुडघे दुखतात.”

रात्री जेवताना अक्षताने विषय काढला. अक्षता म्हणजे ओव्हाळांची मुलगी, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती, आणि बोलायला फटकळ.

“आई, गुडघ्यांचं मला सांगू नकोस. खरं कारण काय?”

“अगं, इतके दिवस मी घरात नाही म्हटल्यावर यांचे मोजे...” एवढं बोलून जयाबाई थांबल्या आणि आमटी वाढायला लागल्या.

“मोज्यांचा इथे काय संबंध?” साहेबांनी विचारलं.

“तोच तर आहे, पप्पा,” अक्षता म्हणाली.

वेणूबाईंनी जयाबाईंची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. तेवढ्यात साहेबांना स्वतःचे मोजे घालता आले तर जयाबाई जाणार, नाही आले तर पिंपळ राहिला. हे घरातल्या तिघांनाही कळलं होतं आणि तिघांपैकी एकालाही ते तोंडाने बोलायचं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी अक्षताने ऑफिसातून फोन केला. “पप्पा, तुमचं नाव एका क्लासला घातलंय. पिलाटेज आणि मूव्हमेंट थेरपी, दोन्ही एकत्र करून घेतात. अंग मोकळं होतं, दुखणं जातं. आमची निम्मी टीम तिथे मान दाखवायला जाते. फी भरलीये, परत मिळत नाही.”

“हे पिलाटेज काय असतं?”

“एका जर्मन माणसाने काढलेले व्यायाम आहेत.”

साहेबांनी विचार केला. जर्मन असेल तर मोजमाप बरोबर असणार. “रक्तदाबासाठी म्हणून जाऊन बघतो,” ते म्हणाले. साहेबांना रक्तदाब नव्हता.

क्लासची जागा कर्वे रस्त्यालगतच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. आधी तिथे दहावीच्या गणिताची शिकवणी चालायची. भिंतीवरच्या फळ्याची चौकट ते अजून सांगत होती. दारात पाटी होती, ‘पादत्राणे बाहेर. आत फक्त पाय.’ साहेबांनी एका टाचेने दुसरी टाच दाबून बूट काढले, पायाच्या बोटांनी ओढून मोजे उतरवले आणि आत गेले. शिकवणारी रुपाली नावाची तिशीतली फिजिओथेरपिस्ट होती, मूळची वर्ध्याची. वर्गात दोन आयटीवाले होते, ज्यांच्या माना तिशीच्या आतच लॅपटॉपकडे कायमच्या झुकल्या होत्या, आणि श्रीधर जोगळेकर नावाचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, ज्यांची मान डावीकडे वळत नसे. त्यामुळे ते जगातल्या बहुतेक गोष्टींकडे उजवीकडूनच बघत.

रुपालीने साहेबांना बाजूने उभं केलं आणि वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काका, तुमचा कणा फारच सरळ झालाय.”

“धन्यवाद,” साहेब म्हणाले.

“नाही ना काका, तोच प्रॉब्लेम आहे. कण्याला बाक असतात. मानेत एक, पाठीत एक, कमरेत एक. तुमच्या कमरेतला तर पार निघून गेला.”

“माझ्या कण्यात बाक नाही.”

“सगळ्यांच्याच असते काका.”

“सगळ्यांच्या असेल.”

“राहू द्या मॅडम,” जोगळेकर उजवीकडून म्हणाले. “त्यांना नका वाकवू. पडद्याला दांडी हवीच होती आपल्याला.”

मग मॅटवर आडवं व्हायचं झालं. साहेब ओंडका उतरवावा तसे टप्प्याटप्प्याने उतरले. पोट आत घ्या, बरगड्या सैल सोडा, एक पाय हळूच उचला, असं बरंच काही झालं, आणि दर दोन मिनिटांनी रुपाली म्हणायची, “काका, श्वास रोखून राहिले ना तुम्ही!” साहेबांना वाटायचं, श्वास सोडला तर उरलेलंही सुटेल.

शेवटी मूव्हमेंट थेरपी. रुपालीने बासरी लावली आणि म्हणाली, “आता उभे राहा, डोळे मिटा आणि शरीराला जे करावंसं वाटतंय ते करू द्या. बरोबर-चूक काही नाही.” आयटीवाले डुलायला लागले. जोगळेकरांनी एक हात वर करून रिक्षा थांबवल्यासारखं काहीतरी सुरू केलं. साहेब राष्ट्रगीताला उभे राहावेत तसे उभे राहिले. रुपाली जवळ आली आणि हळूच म्हणाली, “काका, तुमच्या शरीराला काय करावंसं वाटतंय?”

“घरी जावंसं.”

“छान. कुठल्या भागाला सगळ्यात जास्त वाटतंय?”

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “कमरेला.”

“मग आता सगळ्यांनी हळूहळू खाली वाका, हात जमिनीकडे सोडा.”

“मी वाकत नाही,” साहेब डोळे न उघडता म्हणाले.

“दुखतं?”

“दुखतंही. पण मुळात तत्त्व आहे.”

“तत्त्व कमरेत उतरलं की असंच होतं,” जोगळेकर जमिनीकडून म्हणाले. “आमच्या मानेत होतं, बँकेत असताना.”

क्लास सुटला, आणि खरी आफत तेव्हा उभी राहिली. बूट काढायचे कसे याचा साहेबांनी विचार केला होता. घालायचे कसे याचा केलाच नव्हता. बुटांत मोजे, लेस सुटलेल्या, आणि जया घरी. साहेब पाटी वाचत उभे राहिले. दोन ओळींची पाटी किती वेळ वाचणार? सगळे गेले. रुपाली कुलूप हातात घेऊन बाहेर आली. “काका, काही मदत करू?”

“नको. बूट ओले आहेत जरा.” जानेवारीचा महिना होता आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

साहेबांनी पायाने ढकलत बूट पायरीच्या कडेशी आणले, कठड्याला धरून, गुडघे दुमडून, पाठ सरळच ठेवून कसेबसे उचलले आणि दोन्ही हातांत एकेक बूट घेऊन ते अनवाणी रस्त्याला लागले. फुटपाथवर खडी सांडली होती. पाय जपून टाकावे लागत होते. एका मोबाईलच्या दुकानाच्या मोठ्या काचेसमोरून जाताना त्यांनी सहज बाजूला बघितलं. काचेत एक म्हातारा चालला होता. अनवाणी. पादत्राणं हातात. खडे टोचू नयेत म्हणून अंग चोरून, खाली बघत.

क्षणभर साहेबांना वाटलं, बाप चाललाय.

ते जागच्या जागी थांबले. इथे कुठल्या पाटलाचं दार नव्हतं. कुणी हुकूम केला नव्हता. साठ वर्षं जे टाळलं ते आपण आपल्याच हाताने, भर कर्वे रस्त्यावर, दोन्ही हातांत धरून चालवलंय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना भयंकर लाज वाटली. डोळे भरून आले. ते पुसायला हात मोकळा नव्हता. म्हणून त्यांनी रिक्षाला हाक मारली.

रिक्षावाल्याने आधी पाय बघितले, मग हात बघितले. “नवीन घेतले का बूट?”

“जुने आहेत.”

“मग पायात घाला की. सोय असते त्याची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नेहमीसारखे दिवाणावर बसले. आज मात्र त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं नाही. त्यांनी खाली बघितलं. जयाबाईंचा भांग दिसला, पांढरा झालेला. कधी झाला? लेस बांधून झाल्यावर जयाबाईंनी दिवाणावर हात टेकला आणि “आई गं” म्हणत उठल्या. हे ‘आई गं’ रोज होत असणार. कॅलेंडर बघताना ते साहेबांना कधी ऐकू आलं नव्हतं. आपण कुणापुढे वाकलो नाही हे खरं, पण त्यासाठी घरातलं एक माणूस रोज सकाळी वाकत होतं. वाट्याचं वाकून झालंय असं बाप म्हणाला होता. झालं नव्हतं. तो वाटा जयाकडे गेला होता आणि तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी साहेब क्लासला सगळ्यांच्या आधी पोचले. रुपाली मॅट अंथरत होती.

“मला मोजे घालायचे आहेत,” साहेब म्हणाले. “स्वतःचे.”

“एवढंच ना काका?”

“एवढंच नाही.” आणि उभ्या उभ्याच त्यांनी तिला धोंडिबांची गोष्ट सांगितली, चपलांची, पाटलाच्या दाराची, काल काचेत दिसलेल्या म्हाताऱ्याची. परक्या माणसाला त्यांनी ती कधीच सांगितली नव्हती. रुपालीच्या हातातली मॅट तशीच अर्धी गुंडाळलेली राहिली.

मग ती म्हणाली, “काका, ‘वाका’ हा शब्द आजपासून आपल्या क्लासमध्ये नाही. पण मला एक सांगू द्या. कणा म्हणजे काठी नसते. एकाखाली एक मणके असतात, लहानपणी मोजले तर तेहतीस भरतात. प्रत्येक सुटा हलतो. तुमचे सगळे एकमेकांना घट्ट धरून बसले. त्यांना एकेक करून सोडायचं, बस.”

“तेहतीस?” साहेबांनी विचारलं. “आमची मोजणीची साखळी तेहतीस फुटांची असायची.”

“मग ती कशी ठेवायचे तुम्ही?”

साहेब बोलायला गेले आणि थांबले. साखळी ताणायची ती मोजणीपुरती. मोजणी झाली की कडीवर कडी घेत गोळा करायची. तशीच ताणून ठेवली तर ती गंजते, आणि पुढच्या शेतात उलगडत नाही. नव्या मोजणीदारांना हे त्यांनी वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं होतं. आपली साखळी मात्र त्यांनी निवृत्तीनंतरही ताणूनच ठेवली होती. “कडी कडी करून,” ते म्हणाले.

“तेच करायचं,” रुपाली म्हणाली. “श्वास सोडत.”

पहिली कडी हनुवटीची. ती छातीला लागली. मग मान. मग खांदे, मग पाठीचा वरचा भाग. तिथे साखळी अडकली आणि त्या दिवसापुरती अडकूनच राहिली. पण दुसऱ्या दिवशी एक कडी पुढे गेली, आणि पुढच्या आठवड्यात आणखी. जोगळेकरांचीही मान तोवर थोडी डावीकडे वळायला लागली होती. वळल्यावर पहिल्यांदा त्यांना साहेब दिसले. “अहो, दांडी वितळायला लागली,” ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

एकदा बासरी चालू असताना साहेब असेच हात लोंबते सोडून अर्ध्यावर उतरले होते, आणि खालची जमीन बघता बघता त्यांना इंदापूरचा आठवडे बाजार आठवला. शाळेत जायचं म्हणून बापाने जुने बूट विकत घेतले होते. लेस कशी बांधतात ते बापाला ठाऊक नव्हतं. तो भर बाजारात धुळीत बसला होता, सीतारामचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन, आणि कडब्याची पेंढी बांधतात तशी त्याने लेसची गाठ मारली होती. “गच बसलं का रं?” असं म्हणत तो वर बघून हसला होता. वाकू नको म्हणणारा बाप पोराच्या पायाशी बसला होता आणि खुशीत होता. तिथे त्याला कुणी वाकवलं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट आपण विसरलो कशी, असं वाटून साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोकं खाली असल्यामुळे ते कपाळाकडे ओघळलं.

घरी साहेब चोरून सराव करत. एकदा जयाबाई खोलीत आल्या, तर साहेब कमरेपासून खाली लोंबकळत होते.

“अहो, काय सांडलं?”

“काही नाही. फरशी मोजतोय.”

“किती भरली?”

“अजून पोचलो नाही.”

महिना संपत आला. एका सकाळी जयाबाई मोजे घेऊन बसायला आल्या, तर साहेबांच्या पायांत बूट होते. उजव्या मोज्याची टाच वरच्या बाजूला आली होती, आणि लेस अशी बांधली होती की ती सोडायला बहुधा विळा लागला असता. साहेब घामाघूम होऊन कॅलेंडरकडे बघत होते. जयाबाई त्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“मोजा उलटा झालाय,” त्या म्हणाल्या.

“असू दे. माझा आहे.”

जयाबाईंनी फोन उचलला. “वेणूबाई, माझं नाव धरा. हो, गुडघे बरे आहेत.”

सहलीच्या दिवशी पुणे स्टेशनवर महिला मंडळाने निम्मा फलाट व्यापला होता. जयाबाईंच्या एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात बॅग, काखेत दोन दिवसांच्या चपात्यांचा डबा, आणि पायांत नव्या सॅंडल्स. गाडी लागली तशी गर्दी हलली आणि त्याच वेळी एका सॅंडलचं बक्कल सुटलं. जयाबाई सामान कुठे टेकवता येईल ते बघू लागल्या.

“थांब,” साहेब म्हणाले.

हनुवटी छातीला लागली. मग मान गेली, खांदे गेले, पाठ गेली, कंबर गेली. साहेब कडी कडी करत सगळ्या फलाटासमोर खाली पोचले आणि त्यांनी बक्कल लावलं. एवढ्यावर भागलं असतं. पण वर येताना घाई करायची नाही, नाहीतर कमरेत उसण भरते, हा रुपालीचा नियम होता, आणि साहेब नियमाचे पक्के. म्हणून ते तिथेच श्वास घेत राहिले, दोन्ही हात जयाबाईंच्या पावलांपाशी.

गाडीकडे निघालेलं महिला मंडळ जागीच थांबलं. विहारात उभ्याने हात जोडणारा माणूस सगळ्यांना ठाऊक होता.

“अगं बाई,” वेणूबाई म्हणाल्या, “साहेब जयाच्या पाया पडतायत!”

“अहो, उठा ना,” जयाबाई लाजेने लालबुंद झाल्या. “लोक बघतायत.”

“घाई करायची नसते,” खालून आवाज आला. “अजून कमरेत आहे.”

मग कंबर आली, पाठ आली, खांदे आले, सगळ्यात शेवटी मान. साहेब पुन्हा मोजणीच्या काठीसारखे सरळ उभे राहिले. वेणूबाईंना राहवेना. “साहेब, हे काय हो? जयाच्या पाया पडलात?”

बक्कल सुटलं होतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं आणि ते खरंही होतं. साहेबांनी जयाबाईंकडे बघितलं.

“हो,” ते म्हणाले. “जरा उशीरच झाला.”

जयाबाईंनी डबा दुसऱ्या काखेत घेतला, डोळे पदराला पुसले आणि जरा वेळाने, हसू दाबत, दुसरा पाय पुढे केला.

“याचंही सैल लागतंय हो,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी श्वास सोडला आणि हनुवटी छातीला लावली.